जीव टांगणीला कसा लागतो

अफझलखानाचं पुढे काय होतं, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख, प्रतापगडाचा पायथा, अंगरख्याखालचं चिलखत, वाघनखं, सय्यद बंडा, जिवा महाला, सगळं पाठ. तरीही नितीन चंद्रकांत देसाईंची २००८ साली सुरू झालेली ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका त्या शामियान्यापाशी येऊन ठेपली, तेव्हा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आलाच. आमच्या जाफराबादेला सिंदखेड राजा काही परका मुलूख नाही. जिजाऊंच्या माहेरच्या या पट्ट्यात हा इतिहास कुणाला नव्यानं सांगावा लागत नाही. आणि तरी माणसं पुढे सरकून बसतात. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत जीव टांगणीला लागतोच कसा?

सस्पेन्स म्हणजे शेवट लपवणं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. टीव्हीवरचे खरोखर ताणलेले प्रसंग एकेक करून तपासले की ती फार वेळ टिकत नाही. आणि ती टिकत नाही हे आपल्या शाहिरांना फार आधी कळलेलं होतं. अफझलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा पोवाडा हा आपल्याकडच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पोवाड्यांपैकी एक. गोष्ट नुकती घडून गेलेली, ऐकणाऱ्यांना तिचा शेवट माहीत. कुठलाही चांगला शाहीर अशा ठिकाणी घाई करत नाही. कोण कुठे उभा आहे, कुणाच्या कमरेला काय आहे, हे तो सावकाश सांगतो. मग डफावर थाप मारून झीलकऱ्यांच्या हाती सूर देतो, आणि ते ‘जी जी’ संपेपर्यंत खानाचा हात राजांच्या मानेभोवतीच राहतो. आजचा संकलक म्हणजे एडिटर नेमकं हेच करतो. घटना पुढे जाऊ देत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी १९८९ मध्ये याचा प्रयोगच करून पाहिला. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, हे त्या देशात सर्वांना माहीत. गेरिग यांनी वाचकांना आधी असा मजकूर दिला की ज्यात वॉशिंग्टन हे पद स्वीकारतील की नाही याबद्दल शंका निर्माण व्हावी. त्यानंतर ‘वॉशिंग्टन पहिले अध्यक्ष झाले’ हे वाक्य खरं की खोटं एवढंच विचारलं. तसा मजकूर वाचलेल्यांना उत्तर द्यायला थोडा जास्त वेळ लागला. माहिती डोक्यात होती, पण गोष्टीत शिरलेलं मन ती लगेच हाताशी घेत नव्हतं. शामियान्याच्या प्रसंगात आपलं होतं ते हेच.

या विषयाची चर्चा आल्फ्रेड हिचकॉकशिवाय होत नाही, आणि व्हायलाही नको. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोनं १९६२ मध्ये त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, ती १९६६ साली पुस्तकरूपानं आली. त्यातलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आता सिनेमाच्या प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. टेबलाशी माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवलेला त्यानं आधीच पाहिलेला असेल आणि घड्याळही दिसत असेल, तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकतो. म्हणजे माहिती द्यायची, ती पात्राला नाही, प्रेक्षकाला.

या तत्त्वाचा सर्वांत शुद्ध नमुना हिचकॉकनं सिनेमात नव्हे, टीव्हीवर करून दाखवला, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. त्याच्या नावानं चालणाऱ्या मालिकेतला ‘बँग! यू आर डेड’ हा १९६१ चा भाग त्यानं स्वतः दिग्दर्शित केला. आफ्रिकेहून आलेल्या काकाच्या बॅगेत एका लहान मुलाला पिस्तूल सापडतं. त्याला ते खेळणं वाटतं, खरं तर ते खरंखुरं आहे आणि गोळ्याही खऱ्या. पोरगं ते घेऊन गल्लीत, दुकानात, माणसांमध्ये फिरतं, ज्याच्या त्याच्यावर रोखतं, आणि मोठी माणसं हसून हात वर करतात. एकही खलनायक नाही. पाठलाग नाही. काळोखही नाही, सगळं भर दुपारी घडतं. उरी हासन यांच्या चमूनं २००८ मध्ये हाच भाग एमआरआय यंत्रात झोपवलेल्या प्रेक्षकांना दाखवला, तेव्हा मेंदूच्या बाह्यपटलाच्या सुमारे ६५ टक्के भागात वेगवेगळ्या माणसांचे प्रतिसाद एकमेकांशी जुळले. एका बागेत नुसता कॅमेरा ठेवून घेतलेल्या चित्रणाला हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं. दिग्दर्शकानं प्रेक्षकाला धरून ठेवलंय म्हणतात, ते असं मोजता येतं.

मराठीत मात्र आपण बराच काळ दुसऱ्याच वाटेनं चाललो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकाला ‘खुनी कोण?’ या प्रश्नाची चटक लागलेली होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढे मालिकांचे दिवस आले, आणि त्या चटकेला पडदा मिळाला. बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’, रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’. ‘एक शून्य शून्य’मधले शिवाजी साटम आणि सिंग यांची जोडी पुढे १९९८ मध्ये सोनीवर ‘सीआयडी’ घेऊन आली आणि वीस वर्षं चालली. आमच्याकडची पोरं अजूनही दार लागलं असलं की त्यातल्या दार तोडणाऱ्या दयाच्या नावानं ओरडतात. ही सगळी परंपरा रहस्याची. रहस्यात प्रेक्षक तपास अधिकाऱ्याच्या मागे एक पाऊल असतो, त्याचं डोकं चालू असतं, जीव मात्र निवांत असतो. ‘सीआयडी’ बघताना कुणी उशी आवळून बसल्याचं मला आठवत नाही. जेवता जेवता बघायची मालिका होती ती, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वळण दिसलं ते २०२० च्या ऑगस्टअखेर झी मराठीवर सुरू झालेल्या ‘देवमाणूस’मध्ये. वाईत उघडकीला आलेल्या हत्यासत्रावरून प्रेरणा घेतलेली ही मालिका. किरण गायकवाडनं रंगवलेला डॉक्टर बोगस आहे आणि खुनी आहे, हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून माहीत. गावाला मात्र तो देवमाणूस. त्यामुळे एरवी मालिकांमध्ये जागा भरण्यापुरता असणारा प्रसंग, म्हणजे पेशंट येतो, डॉक्टर चौकशी करतो, सिरिंज भरतो, तोच धडधड वाढवणारा ठरला. हिचकॉकचा बॉम्ब इथे स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलेला. गावातल्या सरू आजीच्या शिव्या आणि टोण्या या पोराचा आगाऊपणा यांच्या मध्येच तो ट्रे यायचा. विनोद आणि भीती शेजारी ठेवण्याचं हे धाडस मला या मालिकेचं सर्वांत मोठं बळ वाटतं. पुढे कथा लांबली, योगायोग वाढले, पण पहिल्या काही महिन्यांत या मालिकेनं मराठी प्रेक्षकाला ‘कोण?’ऐवजी ‘आता हिचं काय होणार?’ असं विचारायला लावलं.

त्याआधी ‘रात्रीस खेळ चाले’नंही हे वेगळ्या तऱ्हेनं केलं होतं. २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली ही मालिका अण्णा नाईकांच्या मरणानं उघडते. सिंधुदुर्गातल्या आकेरीतला वाडा, जमलेली भावंडं, मालवणी बोली, आणि मरून गेलेल्या माणसाचा धाक. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते मागे जाणारं. ज्याच्या मरणानं गोष्ट सुरू झाली होती तो माणूस आता जिवंत, माधव अभ्यंकरांच्या रूपात, झोपाळ्यावर बसलेला. शेवट सगळ्यांना ठाऊक. लोकप्रियता मात्र पहिल्या पर्वापेक्षा कमी नव्हती, जास्तच म्हणायला हवी. अण्णा आणि त्याची प्रेयसी शेवंता समोरासमोर आले की त्यातून पुढे काय निपजणार आहे हे प्रेक्षक त्या दोघांच्या आधी जाणून असायचा. या मालिकेनं अंधश्रद्धेला खतपाणी घातलं असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. पण तंत्राच्या अंगानं पाहिलं तर पूर्वकथा सांगण्याची तिची निवड हुशारीची होती.

माहितीची वाटणी झाली की प्रश्न उरतो वेळेचा. डी. डब्ल्यू. ग्रिफिथनं १९०९ च्या ‘द लोनली व्हिला’ या काही मिनिटांच्या चित्रपटात एक युक्ती पक्की केली: घरात अडकलेली बाई नि मुली, दाराशी चोर, आणि दुसरीकडे घराकडे धावत निघालेला नवरा. कॅमेरा या तिघांमध्ये आलटून पालटून फिरतो. प्रत्येक कटसरशी घटना थोडी पुढे सरकते आणि प्रेक्षकाचा वेळ मात्र भरपूर जातो. शंभरहून अधिक वर्षं झाली, ही युक्ती अजून जुनी झालेली नाही.

माझ्या मते गेल्या काही वर्षांत मराठी माणसानं पाहिलेला सर्वांत ताणलेला प्रसंग मालिकेतला नाही, सिनेमातला आहे. पण गावोगावच्या घरांत तो पोचला टीव्हीवरूनच, म्हणून त्याचा विचार इथे व्हायला हवा. ‘सैराट’चा शेवट. हैदराबादेत संसार थाटलेले आर्ची आणि परशा. आर्चीनं आईला फोन केलेला. मग एक दिवस तिचा भाऊ आणि त्याच्यासोबतची माणसं माहेरच्या भेटवस्तू घेऊन दारात उभी राहतात. आर्ची त्यांना आत घेते, चहा ठेवते. परशा बाहेरून येतो, पाहुणे पाहून थबकतो, मग तोही आवरून घेतो. चहा दिला जातो.

एवढंच. नागराज मंजुळे यांनी या प्रसंगात जे केलं नाही त्याची यादी केली पाहिजे. संपूर्ण चित्रपटभर अजय-अतुलचं संगीत दुथडी भरून वाहतं, त्यातली गाणी तर हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदासह रेकॉर्ड झालेली. इथे ते आटतं. भावाच्या चेहऱ्यावर कॅमेरा झेपावत नाही. कुणी कुणाकडे सूचक पाहत नाही. सुधाकर रेड्डी यक्कंटींचा कॅमेरा त्या छोट्या घरात कुणीतरी सोफ्यावर बसून पाहावं तसा पाहतो. आणि हत्या दाखवलीच जात नाही. शेजारणीबरोबर गेलेलं मूल परत येतं, उघड्या दारातून आत जातं, आणि त्यानंतर ध्वनीच नाहीसा होतो. पोराचं रडणं दिसतं, ऐकू येत नाही. रक्ताची छोटी पावलं उमटत जातात. बॉम्ब दिसतही नाही आणि फुटल्याचा आवाजही येत नाही, तरी प्रेक्षक खुर्चीत मागे रेलू शकत नाही, कारण त्यानं त्याआधी दीड तास गावातली जात, पाटलाचा वाडा आणि भावाचा हात पाहिलेला असतो. चहा उकळायला लागणारा वेळ हेच इथलं घड्याळ.

थिएटरात काळोख असतो, मोबाइल बंद असतात (निदान असायला हवेत), आवाजावर दिग्दर्शकाचा ताबा असतो. टीव्हीला यातलं काहीच मिळत नाही. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावात, किंवा त्याच्या आसपासच्या खेड्यात, टीव्ही चालतो तो ट्यूबलाइटच्या उजेडात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, कुणीतरी अभ्यास करत असताना आणि कुणीतरी उद्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत असताना. भारनियमनाच्या वर्षांत तर ऐन मोक्याला वीज जायची आणि पुढचा भाग शेजारच्या गावातल्या नातेवाइकाला फोन करून विचारावा लागायचा. कुठल्याही दिग्दर्शकानं इतका ताणलेला शेवट कधी लिहिला नसेल.

या खोलीत चित्र हरतं आणि आवाज जिंकतो. मिशेल शियाँ या फ्रेंच अभ्यासकानं टीव्हीला चित्रं जोडलेला रेडिओ म्हटलंय, ते मालिका लागलेल्या कुठल्याही स्वयंपाकघरात पटतं. बाई भाकरी थापता थापता मालिका ‘बघत’ असते ती कानानं. मान वळते ती आवाजानं इशारा दिल्यावर. म्हणूनच दैनंदिन मालिकेतलं ताणाचं तंत्र जवळजवळ सगळं ध्वनीत गोळा झालं आहे: ढोलाचा ठोका, सपकन जाणारा वाऱ्यासारखा आवाज, खर्जातली घरघर, घड्याळाची टिकटिक, काळजाची धडधड.

उलट्या बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ‘द लाँग नाइट’ हा रात्रीच्या लढाईचा भाग २०१९ च्या एप्रिलमध्ये दाखवला गेला आणि जगभरातून तक्रार आली की काही दिसतच नाही. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांचं म्हणणं होतं की दोष लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगचा आणि उजेडात बघण्याच्या सवयीचा आहे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेलही. पण ज्या खोलीत प्रसंग पाहिला जाणार आहे तीही चित्रीकरणाच्या हिशेबात धरायला हवी. काळोखाचा उत्तम वापर केलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ थिएटरात पाहिलेला माणूस घरच्या टीव्हीवर तोच पाहून हिरमुसतो, ते त्यामुळेच.

आवाजाला इतकं बळ असेल तर तो किती वापरायचा, यात खरी परीक्षा आहे. हिचकॉकला ‘सायको’तल्या न्हाणीघराच्या प्रसंगात आधी संगीत नकोच होतं. बर्नार्ड हरमननं तरी व्हायोलिनच्या त्या किंचाळ्या लिहिल्या आणि हिचकॉकनं ऐकून आपलं मत बदललं. ‘सायको’ त्यानं आपल्या टीव्ही मालिकेच्या तंत्रज्ञांकडूनच चित्रित करून घेतला होता, हीही आठवण ठेवण्यासारखी. पण ते संगीत चालतं कारण त्याच्या आधी बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज असतो. ‘द गॉडफादर’मधला रेस्टॉरंटचा प्रसंग घ्या. मायकेल टॉयलेटमधून पिस्तूल घेऊन परत टेबलाशी बसतो. समोरचा बोलत राहतो, आणि बाहेरून जाणाऱ्या, एकदाही न दिसणाऱ्या रेल्वेचा खडखडाट चढत चढत सगळं बोलणं गिळून टाकतो. वॉल्टर मर्चनं केलेलं हे ध्वनीचं काम. वाद्य एकही नाही. गोळ्या झाडून झाल्यावर, मायकेल पिस्तूल टाकून बाहेर पडतो तेव्हा कुठे संगीत सुरू होतं.

टीव्हीवरचं त्याच जातीचं उदाहरण ‘ब्रेकिंग बॅड’च्या २००९ च्या दुसऱ्या पर्वात आहे. टुको हा माथेफिरू तस्कर वॉल्ट आणि जेसीला वाळवंटातल्या आपल्या काकाच्या घरी डांबतो. काका चाकाच्या खुर्चीत, वाचा गेलेला, हातापाशी फक्त एक घंटी. वॉल्ट टुकोच्या जेवणात विष मिसळतो, आणि ते काकानं पाहिलेलं आहे. सांगणार कसं? टुको प्रश्न विचारतो, म्हातारा घंटी वाजवून होकार देतो. पोस्टातली वाटावी अशा घंटीचा तो ‘टिंग’ आणि त्यानंतरची शांतता, एवढ्यावर अख्खा प्रसंग उभा आहे. प्रत्येक टिंगचा अर्थ आपल्याला कळतो, वॉल्टलाही कळतो, टुकोला कळायला उशीर होतो. हा उशीर म्हणजेच सस्पेन्स.

याच्या शेजारी आपल्या दैनंदिन मालिकेचा झटका ठेवून बघा. सुनेनं काहीतरी सांगितलं. सासूचा चेहरा, ढाण्‌. नणंदेचा चेहरा, ढाण्‌. दारातल्या दिराचा चेहरा, ढाण्‌. पुन्हा सासू, या वेळी तिरप्या फ्रेममध्ये. प्रेक्षकाला अजून घाबरायची संधीही मिळालेली नसते, तोवर तीन वेळा घाबरून दाखवलं जातं. टिंगल करणं सोपं आहे, पण हे असं का होतं हे समजून घ्यायला हवं. आठवड्याला सहा भाग. अर्ध्या तासातली, तासाला बारा मिनिटांच्या नियमाप्रमाणे, साधारण सहा मिनिटं जाहिरातींची. उरलेला मजकूर रोज तयार व्हायला हवा, आणि भागांची बँक संपत आली की सकाळी चित्रित झालेलं रात्री संकलनाच्या टेबलावर असतं. प्रत्येक प्रसंगासाठी स्वतंत्र पार्श्वसंगीत बांधायला कुणाला वेळ आहे? पात्रांच्या ठरलेल्या सुरावटी असतात, त्या उचलून लावल्या जातात. लेखकावर दडपण असतं ते हुक पॉइंटचं: ब्रेकला जाताना एक, भाग संपताना एक. १९८० मध्ये ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेनं आपल्या मुख्य पात्रावर गोळी झाडून मार्चमध्ये पर्व संपवलं आणि गोळी कुणी झाडली हे नोव्हेंबरपर्यंत सांगितलं नाही. आठ महिन्यांचा तो हुक. आपल्याकडे तो दिवसातून दोनदा लागतो, आणि रोज दोनदा लावलेला हुक बोथट होणारच. वर ‘पुढील भागात’ म्हणून उद्याचा सर्वांत जोरदार क्षण आजच दाखवला जातो, आणि उद्या तो स्वप्न म्हणून निघतो. प्रेक्षक एकदा फसतो, दोनदा फसतो, तिसऱ्यांदा पाणी भरायला उठतो.

याच चौकटीत राहून बरं काम करता येतं, हेही दिसलेलं आहे. सतीश राजवाडे यांच्या २००७ च्या ‘असंभव’मध्ये पुनर्जन्माचा धागा होता, नीलम शिर्के यांची सुलेखा होती, आणि बऱ्याच वेळा ताण यायचा तो कोण काय विसरलं आहे आणि कोणाला काय आठवतंय यावरून. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना तर आवाज वाढवण्याची गरजच नसते. त्यांच्या गोष्टीत भीती घरातल्या अगदी नेहमीच्या वस्तूतून निघते, आणि छोट्या पडद्याला तेच मानवतं.

कॅमेऱ्याच्या भाषेबद्दल थोडक्यात. मालिकांच्या सेटवर एका पात्राच्या खांद्यावरून दुसऱ्याला पाहणाऱ्या शॉटला ‘सजेशन’ म्हणतात. समोरच्याच्या अस्तित्वाची जाणीव ठेवणारी ही चौकट ताणात उपयोगी पडते, कारण खांदा दिसतो आणि चेहरा दिसत नाही. सजेशन सोडून निव्वळ क्लोजअपवर गेलं की पात्र एकटं पडतं. चौकटीत एका बाजूला मुद्दाम रिकामी जागा सोडली की नजर तिकडे लागते. ट्रॉली अगदी सावकाश पुढे नेली तर प्रेक्षकाला हालचाल कळत नाही, फक्त खोली आवळत चालल्यासारखी वाटते. हे सगळं आपल्याकडच्या छायाचित्रकारांना उत्तम येतं. त्यांना त्यासाठी मिळत नाहीत ते दिवस.

न कापलेल्या लांब शॉटबद्दल मात्र जरा थांबायला हवं, कारण त्यात आपला एक विक्रम आहे. ७ नोव्हेंबर २००४ ला प्रसारित झालेला ‘सीआयडी’चा ‘द इनहेरिटन्स’ हा भाग १११ मिनिटांच्या एकाच शॉटमध्ये चित्रित झाला आणि गिनीज बुकात गेला. बी. पी. सिंग मुळात कॅमेऱ्यामागचा माणूस, त्यामुळे हा हट्ट समजण्यासारखा. तंत्रज्ञ आणि नटांच्या तालमीला सलाम करावा असं ते काम. पण लोकांच्या लक्षात विक्रम राहिला, त्या भागातली गोष्ट नाही. २०२५ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘अ‍ॅडोलेसन्स’ या ब्रिटिश मालिकेचे चारही भाग एकेका शॉटमध्ये घेतलेले आहेत. तिसऱ्या भागात एका खोलीत तेरा वर्षांचा खुनाचा आरोपी मुलगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ, मध्ये टेबल, हॉट चॉकलेट आणि अर्धं सँडविच. कट नसल्यामुळे सुटका नाही. पोरगं एकदम उसळून ओरडतं आणि मग पुन्हा लाडीगोडीनं बोलायला लागतं, त्या मधल्या क्षणी एरवी संकलकानं आपल्याला दुसऱ्या कोनात नेऊन हलकं केलं असतं. इथे त्या बाईबरोबर बसून राहावं लागतं. लांब शॉट कॅमेरा किती फिरला यासाठी घ्यायचा की प्रेक्षकाला जागेवर बसवण्यासाठी, हा दोन्ही भागांमधला फरक.

मराठवाड्याच्या वाचकाला या विषयात सर्वांत जवळचं प्रकरण परभणी जिल्ह्यातलं आहे. १९७२ ते ७४ या काळात मानवतमध्ये बायका आणि लहान मुलींच्या हत्या झाल्या, गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीच्या अघोरी समजुती त्यामागे असल्याचं पुढे आलं, आणि तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. या प्रकरणावर दोनदा काम झालं. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेला ‘आक्रीत’ हा अमोल पालेकरांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, १९८१ चा. दुसरी ‘मानवत मर्डर्स’ ही आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली मालिका, ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आलेली, कुलकर्णींच्या आठवणींवर बेतलेली आणि आशुतोष गोवारीकरांना त्यांच्या भूमिकेत घेणारी.

दोन्ही वेळी ‘कोण?’ हा प्रश्न पणाला लागणं शक्य नव्हतं. इथल्या साठीपुढच्या माणसांना ते प्रकरण वर्तमानपत्रांतून आणि वडीलधाऱ्यांच्या दटावण्यांतून माहीत होतं. ‘आक्रीत’ गुन्हा करणाऱ्यांसोबत राहतो. आपण त्यांच्या घरात असतो आणि आता पुढची कोण, एवढंच उरतं. तेंडुलकरांना माणसातल्या हिंसेचं कुतूहल होतं, पोलिसांचं नव्हे. ‘मानवत मर्डर्स’ बाजू बदलते. प्रेक्षक तपास करणाऱ्याच्या शेजारी बसतो, संशय कुणावर हे त्यालाही कळलेलं असतं, ताण येतो तो पुरावा हाती लागेल का आणि त्याआधी आणखी एक जीव जाईल का यावरून. गोवारीकरांचे कुलकर्णी शांतपणे विचारतात, आणि समोरचा गप्प राहतो तेव्हा तो प्रसंग रोजच्या मालिकेसारखा ढाण्‌ करून भरून काढला जात नाही. मला दोन्हींत ‘आक्रीत’ची वाट जास्त कठीण वाटते. तपासकर्त्याच्या शेजारी बसलेल्या प्रेक्षकाला निदान सुटकेची आशा असते.

वेब मालिकांनी मराठी दिग्दर्शकाला दोन गोष्टी परत दिल्या: वेळ आणि शांतता. राजवाड्यांनीच सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून ‘समांतर’ केली, मार्च २०२० मध्ये, एमएक्स प्लेअरवर. आपलं भविष्य आधीच दुसरा कुणी जगून बसला आहे हे कळलेला नायक आणि रोज एकच पान वाचायची अट असलेल्या त्या दुसऱ्याच्या डायऱ्या, म्हणजे शेवट माहीत असण्याचा आणि नसण्याचा खेळच कथेत बसवलेला. अशा मालिकेला दिवसातून दोन हुक लागत नाहीत. आणि जाफराबादेतला पोरगा ती मोबाइलवर, कानात इअरफोन खुपसून, पांघरुणात बघतो, त्यामुळे खोलीचा गोंगाट गेला आणि पुन्हा बारीक आवाज ऐकू यायला लागले. दाराची कडी, पायरव, समोरच्याचा श्वास. ध्वनी आरेखन करणाऱ्याला इतका जवळचा कान यापूर्वी मिळाला नव्हता.

पण त्याच मोबाइलवर दहा सेकंद पुढे नेणारं बटण आहे, आणि दीडपट वेगानं बघायची सोय आहे. शाहिरापासून हिचकॉकपर्यंत सगळ्यांनी ज्यावर भिस्त ठेवली तो थांबवून धरलेला वेळ आता प्रेक्षकाच्या अंगठ्याखाली गेला आहे. ‘सैराट’मधला चहा दीडपट वेगानं उकळला तर पाहुण्यांनी आणलेल्या पिशव्या दिसतील, पण परशाचं ते दारातलं थबकणं निसटून जाईल. दिग्दर्शक आता काय करताहेत, तर पहिल्याच मिनिटात शेवटचा धक्का दाखवून मागे जाताहेत, म्हणजे बोट बटणाकडे जायच्या आत काहीतरी हाती पडावं. निम्म्या वेब मालिका हल्ली प्रेतानं किंवा पाठलागानं उघडतात आणि पडद्यावर ‘तीन दिवसांपूर्वी’ अशी अक्षरं येतात. ‘रात्रीस खेळ चाले’नं दोन पर्वं आणि तीन वर्षं घेऊन जे केलं, ते आता पहिल्या नव्वद सेकंदांत उरकलं जातं. फरक इतकाच की तिथे अण्णा नाईक कोण होता हे कळायला प्रेक्षकाला पुरेसा अवधी मिळालेला होता.